जुम्म्याची पट्टी

आमच्या घरात दर जुम्म्याला एक काम ठरलेले आहे. सकाळी अकराच्या सुमारास, पुरुष मंडळी गुसल करून मशिदीकडे निघण्याआधी, अम्मीच्या खोलीचे दार लोटून घेतो. तिच्या अंगावरची जुनी पट्टी काढायची, दुसऱ्या जागी नवी लावायची आणि वहीत तारीख व जागा लिहायची. पाच मिनिटांचे काम. पण ते नीट करायला शिकेपर्यंत आमचे जवळजवळ वर्ष गेले, आणि त्या वर्षात एकदा अम्मी आमच्या हातून जाता जाता राहिली. पुष्कळ घरांत आता अशा पट्ट्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

जळगाव-भुसावळ महामार्गावरचे नशिराबाद हे आमचे गाव. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अम्मी ओट्याच्या पायरीवरून घसरली. एक्स-रे काढला तेव्हा कळले की पाठीचे दोन मणके दबले आहेत. हाडे आधीच ठिसूळ झाली होती, पडणे हे निमित्त. मधुमेह वीस वर्षांचा, त्यामुळे मूत्रपिंडेही कमजोर. दुखणे थांबवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या मूत्रपिंडांना मारक, म्हणून त्या बंद झाल्या. मग ज्याने जे सांगितले ते आम्ही केले. तेल झाले, शेक झाला, लेप झाला, कमरेचा पट्टा झाला. पहाटे उठून बारा माणसांच्या भाकरी थापणारी बाई कूस बदलतानाही ओठ दाबून धरू लागली. नमाज आधी उभ्याने, मग खुर्चीवर, मग पडल्या पडल्या इशाऱ्याने. सजद्यात कपाळ टेकवता येत नाही, याचेच तिला पाठीपेक्षा जास्त दुःख होते.

शेवटी जळगावच्या एका भूलतज्ज्ञांकडे नेले. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे हे डॉक्टर जुनाट दुखण्याचे रुग्णही तपासतात, हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हते. त्यांनी पट्टी लिहून दिली. औषधाचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. अफूच्या बोंडात जे द्रव्य असते त्यापासून हे तयार करतात. पट्टी त्वचेला चिकटवायची. तिच्यातले औषध त्वचेतून हळूहळू झिरपते आणि रक्तात उतरते. एक पट्टी सात दिवस. मूत्रपिंडे कमजोर असली तरी हे औषध देता येते, म्हणून हे निवडले, असे त्यांनी सांगितले. कॅन्सरच्या रुग्णांना बहुधा फेंटानिल नावाच्या याहून जहाल औषधाची पट्टी देतात, ती तीन दिवसांनी बदलावी लागते.

दुकानदाराने चिठ्ठी ठेवून घेतली, वहीत नोंद केली, सही घेतली. हे औषध १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. त्या कायद्याच्या धाकाने देशभर दुखण्याने तळमळणाऱ्या रुग्णांना मॉर्फिनसुद्धा मिळणे कठीण झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली ती रुग्णांची ही अडचण ओळखूनच. एवढी लिखापढी कशासाठी, याचा विचार आम्ही करायला हवा होता. पण पाकिटातून निघाली ती बोटभर, त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी. जखमेवर लावतो तशी. आम्ही तिला तशीच समजलो. आमची पहिली चूक ती.

पहिल्या दोन दिवसांत फरक दिसला नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते की औषध रक्तात पुरते भिनायला तीन दिवस लागतात, घाई करून दुसरी पट्टी लावू नका. चौथ्या रात्री अम्मी सलग पाच तास झोपली. सकाळी स्वतः उठून बसली आणि म्हणाली, "आज दुखणं दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं वाटतंय." आम्ही सगळे रडलो. पाच मायक्रोग्रॅमच्या पट्टीवरून पुढे डॉक्टरांनी दहाची केली. महिनाभरात ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली, स्वयंपाकघरात येऊन कळण्याची भाकरी कशी थापायची यावरून सुनांना बोलू लागली. घर पुन्हा घरासारखे झाले.

त्रासही सुरू झाले होते. मळमळ व्हायची, उठताना चक्कर यायची, तोंड कोरडे पडायचे, पट्टीखाली खाज सुटायची. हे ती सांगायची. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. तिला आठ दिवस शौचाला झाले नव्हते.

मुलांना कसे सांगणार? सुनांना तरी कसे सांगणार? धाकटीला एवढेच म्हणाली, "पोट जरा जड आहे." धाकटीने रोज रात्री इसबगोल द्यायला सुरुवात केली. पोट फुगत गेले, उलट्या झाल्या. आम्हाला वाटले, पट्टीची मळमळ वाढली. दवाखान्यात एनिमा द्यावा लागला. तिथल्या परिचारिकेने पडद्याआड तिला विचारले तेव्हा खरे काय ते बाहेर आले.

डॉक्टर आमच्यावर रागावले नाहीत, त्यांनी फक्त समजावले. अफूच्या जातीचे कोणतेही औषध आतड्यांची हालचाल मंदावते. मळमळ, गुंगी यांची शरीराला आठ-पंधरा दिवसांत सवय होते. बद्धकोष्ठतेची होत नाही. पट्टी आहे तोवर ती आहे. म्हणून पट्टीच्या पहिल्या दिवसापासून आतड्यांना चालना देणारे औषध रोज घ्यावे लागते, तुंबल्यावर नव्हे. आणि इसबगोल इथे उपयोगाचा नाही. तो पाणी शोषून फुगतो, आतडे पुढे ढकलत नसेल तर तो तिथेच बसतो. त्यांनी सोनामुखीची गोळी लिहून दिली. ही तर आपली सना. अम्मीच्या माहेरी तिचा काढा घरीच व्हायचा.

तेव्हापासून धाकटी सून रोज सकाळी चहा देताना विचारते, "अम्मी, आज पोट साफ?" पहिले काही दिवस अम्मी भिंतीकडे तोंड करायची. आता तीच आधी सांगून मोकळी होते.

मग रमजान आला. मधुमेहामुळे डॉक्टरांनी रोजे मना केले होते आणि अम्मी फिदया देत होती, पण पहिला रोजा मी ठेवणारच, असा तिचा हट्ट. चाँदरातीला भुसावळहून खाला आल्या. दंडावरची पट्टी पाहून म्हणाल्या, "हे अफूचं आहे म्हणतात. नशाच की ही. आणि औषध अंगात जात राहिलं तर रोजा कसला?" अम्मी काही बोलली नाही. रात्री तिने स्वतःच पट्टी ओढून काढली आणि उशीखाली ठेवली.

रोजा झाला. तिसऱ्या दिवशी तिला जांभयांवर जांभया, नाकातून पाणी, घाम, अंगावर काटा, जुलाब. एका जागी बसवेना. पाठीचे दुखणे दुपटीने परतले. आम्ही फ्लू समजून काढा देत बसलो. चादर बदलताना उशीखाली पट्टी सापडली तेव्हा उलगडा झाला. या औषधाची शरीराला सवय लागते. ते एकदम तोडले तर शरीर असे बंड करते. म्हणून बंद करायचेच झाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायचे. पण सवय लागली म्हणजे माणूस नशेबाज झाला, असे नाही. नशेबाज धुंदीसाठी घेतो, नुकसान दिसत असूनही घेतो, जास्त मिळावे म्हणून खोटे बोलतो. अम्मी तर कमीच करा म्हणणारी.

तिच्या मनातली दुसरी शंका मात्र डॉक्टरांच्या हातची नव्हती. आमच्या इमाम साहेबांनी मुफ्ती साहेबांना विचारून घरी येऊन सांगितले. १९९७ साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या दहाव्या बैठकीत उलेमा आणि डॉक्टरांनी एकत्र बसून याचा विचार केला होता. मलम, लेप, औषधी पट्टी अशा त्वचेतून शोषल्या जाणाऱ्या गोष्टींनी रोजा तुटत नाही, असा ठराव तिथे झाला. वुजूची अडचण नाही, कारण पट्टी दंडावर, छातीवर किंवा पाठीवर लागते, हे अवयव वुजूत धुवायचे नसतात. गुसलच्या वेळी डॉक्टर काढू नका म्हणत असतील, तर तेवढ्या जागेवरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे. आणि दुखण्यावर वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेले औषध व मौजेसाठी केलेली नशा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इमाम साहेब गेल्यावर अम्मी म्हणाली, "मग हे आधी का नाही विचारलं कुणी?" खरेच होते. डॉक्टर पुन्हा पाचपासून सुरुवात करून दहावर आले.

ईदला घर भरले. दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या गोळा करताना मोठ्या सुनेचे लक्ष थोरल्याच्या दोन वर्षांच्या नातवाकडे गेले. त्याच्या पोटरीवर अम्मीची पट्टी चिकटलेली. केराच्या उघड्या बादलीत आम्ही टाकलेली, वापरून झालेली. मुलांना चिकटवायच्या चित्रांची आवड असते, त्याने उचलून लावली. पट्टी लगेच काढली, जागा नुसत्या पाण्याने धुतली, कारण साबणाने औषध आणखी आत शिरू शकते. जळगावला नेऊन रात्रभर नजरेखाली ठेवले. अल्लाहचे शुक्र की काही झाले नाही.

"वापरलेली होती, तिच्यात काय उरलंय?" असे आमच्यापैकी एकजण डॉक्टरांना म्हणाला. त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. पट्टीत औषध दहा मिलिग्रॅम. तासाला दहा मायक्रोग्रॅम बाहेर पडते. सात दिवसांचे तास १६८, म्हणजे आठवडाभरात बाहेर पडले १६८० मायक्रोग्रॅम, दोन मिलिग्रॅमहूनही कमी. बाकी आठ मिलिग्रॅमच्या वर औषध पट्टीतच. आम्ही ते बादलीत टाकत होतो. पूर्वी शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची गोळी चाटवून निजवत आणि एखादे बाळ उठतच नसे, या गोष्टी आम्ही आजीकडून ऐकल्या होत्या. तीच अफू आमच्या केरात पडली होती. फेंटानिलची पट्टी तर याहून वाईट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली दिलेल्या इशाऱ्यात मुलांशी अपघाताने संबंध आल्याच्या २६ घटनांचा उल्लेख होता. त्यातली १० मुले दगावली होती आणि बहुतेक मुले दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती.

यानंतर तरी आम्ही शहाणे व्हायला हवे होते. पण मे महिना अजून यायचा होता.

खान्देशातला मे वाचकांना सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखाली तर भट्टीच. त्या गुरुवारी अम्मीला लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप होता. दुपारभर वीज नव्हती. संध्याकाळी पाठ फार दुखते म्हणाली म्हणून आम्ही रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक दिला. त्या आठवड्यात पट्टी पाठीवर, खांद्याच्या खाली होती. शेक तिच्यावरच बसला. रात्री तळमळ थांबेना, तेव्हा अम्मीने कपाटातल्या जुन्या डब्यातून झोपेची एक गोळी काढून घेतली. कुणाला सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही.

फजरला धाकटी तिला उठवायला गेली. अम्मी रोज अजानच्या आधी जागी असते. त्या दिवशी हाक मारली, हलवले, गालावर पाणी मारले, पण डोळे उघडेनात. घशातून घरघर येत होती. थोरल्याने मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले, ते आठ भरले. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. पापणी वर करून पाहिली तर बाहुली मोहरीएवढी. १०८ ला फोन केला, पट्टी ओढून काढली, तिला कुशीवर वळवले. जळगावपर्यंतचे दहा किलोमीटर आम्ही तिच्या छातीकडे बघत आणि कलमा पढत गेलो.

पट्टी काढली म्हणजे संपले, असेही नसते. औषध त्वचेखालच्या थरात साठून राहते आणि काढल्यानंतरही अर्धे उतरायला बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून ऑक्सिजन लावून दीड दिवस अतिदक्षता विभागात ठेवले. शुक्रवारी जुम्म्याची अजान झाली तेव्हा आम्ही तिथल्या बाकावर बसून होतो. असरच्या सुमारास तिने डोळे उघडले आणि विचारले, "मी फजर पढली का?"

डॉक्टरांनी कुणा एकाला दोष दिला नाही. तीन गोष्टी एका रात्रीत एकत्र आल्या, म्हणाले. तापाने अंग तापले, वर शेक बसला. उष्णतेने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि पट्टीतले औषध ठरल्यापेक्षा वेगाने आत शिरते. त्यात झोपेची गोळी. अफूच्या जातीचे औषध श्वास मंदावते, झोपेची गोळीही मंदावते, दोन्ही मिळून माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्याची अंघोळ, कडक ऊन, ताप, या साऱ्यांची सूचना पाकिटातल्या कागदावर लिहिलेली होती. बारीक इंग्रजी अक्षरांत. आमच्यातल्या दोघांना इंग्रजी येते. तो कागद कुणी उघडलाच नव्हता.

घरी आल्यावर पट्टी बंद करायची का, यावर बरेच बोलणे झाले. थोरल्याचे म्हणणे, आता नकोच. अम्मी शांतपणे म्हणाली, "तुम्ही घाबरलात, ते खरं. पण रात्रभर दुखतं कुणाला?" तेव्हा निर्णय तिने आणि डॉक्टरांनी मिळून घेतला. पट्टी पुन्हा सुरू झाली, पण पाचची, आणि तेवढीच ठेवली. दुखणे पूर्ण जात नाही. खुर्चीवर नमाज होते, रात्री चार तास झोप होते. तेवढ्यावर ती राजी आहे.

बदललो ते आम्ही. त्या कागदाचा आम्ही मराठीत सारांश लिहून अम्मीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. पट्टी लावायची जागा नुसत्या पाण्याने पुसून कोरडी करायची. साबण, तेल, पावडर नाही. केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा नाही. पट्टी कधीही कापायची नाही. त्याच जागेवर तीन आठवडे दुसरी लावायची नाही, म्हणजे त्वचा लाल होत नाही. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. काढलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडायची, झाकणाच्या डब्यात टाकायची, डबा कुलपात. पुढच्या भेटीला दवाखान्यात परत. मालिश आणि शेक पट्टीपासून दूर, आणि तेही डॉक्टरांना विचारून. ताप आला की त्याच दिवशी फोन. सर्दीची, खोकल्याची, झोपेची, कोणतीही नवी गोळी घेण्याआधी पट्टी आहे हे सांगायचे, दात काढायला गेलो तरी. कपाटातल्या जुन्या गोळ्यांचा डबा आम्ही रिकामा केला. चक्कर येते म्हणून रात्री संडासापर्यंत दिवा आणि कुणाचा तरी हात. उन्हाळ्यात तिचा पलंग पत्र्याच्या खोलीतून मधल्या स्लॅबच्या खोलीत येतो.

या यादीच्या सगळ्यात खाली धाकटीने एक ओळ आपल्या मनाने लिहिली आहे: अम्मीला रोज विचारायचे. पोट, झोप, चक्कर, खाज. लाजू नये, लाजवू नये.

खाला परवा आल्या होत्या. त्यांचे गुडघे फार दुखतात. जाताना अम्मीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुझ्यातली एक दे ना, लावून बघते." अम्मीने त्यांचा हात धरून खाली बसवले आणि ईदची, मे महिन्याची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. आठ दिवसांच्या पोटाचीसुद्धा, सुनांच्या समोर. मग म्हणाली, "पट्टी नाही देणार. डॉक्टरांचा नंबर देते."

आज जुम्मा आहे. अकरा वाजत आले. आतून तिचा आवाज येतो आहे, "अगं, वही बघ, आज डावा दंड की उजवा?"